हात शाबूत

मोईनचाचाने माझ्या बापाला साखळीला बांधायचं ठरवलं ते त्याच्या तोंडामुळे, असं कामरगावात सगळे सांगतात. खोटं आहे. ते त्याच्या हातांमुळे ठरलं. हात बिघडले असते तर आम्ही सगळे वेळेवर शहाणे झालो असतो.

आम्ही मन्यार, काचेच्या बांगड्या भरणारे. बसस्टँडवरून बाजारात शिरलं की तिसरं दुकान आमचं, मागेच घर. लग्नसराईत अब्बा पेटी मोटरसायकलला बांधून धनजपर्यंतची घरं करायचा. या धंद्यात माणसाची इज्जत हातावर चालते. परक्या घरात जाऊन परक्या बाईचा हात धरायचा, चार बोटं जवळ आणायची, अंगठा आत वळवायचा आणि मापापेक्षा एक नंबर लहान बांगडी तिला कळायच्या आत मनगटावर घालायची. समोर तिचा नवरा बसलेला असतो, सासू बसलेली असते. हात दोन क्षण जास्त धरला तर ते घर गेलं, मग गाव गेलं. म्हणून मन्याराची नजर खाली आणि जीभ मऊ. अब्बाचं एकच वाक्य होतं, "हात सैल सोड, माय." साठीच्या म्हातारीलाही माय आणि सोळाच्या पोरीलाही माय. बांगडी फुटली तरी फुटली म्हणायचा नाही, वाढली म्हणायचा, हिंदू घरातली रीत पाळून. चुडा भरून झाला की नवरी उठून त्याच्या पाया पडायची. मुसलमान मन्याराच्या पाया. त्यात कोणाला काही वाटत नव्हतं, त्याला तर नाहीच.

मागच्या उन्हाळ्यात धनजहून येताना दिवस मावळताना रोही, म्हणजे नीलगाय, आडवी आली. घोड्याएवढं जनावर, रस्त्यावर आलं की उभंच राहतं. अब्बाकडे हेल्मेट होतं. ते डोक्यावर नव्हतं. दोन पेट्यांच्या मधे खोचलेलं होतं, खड्ड्यात काचेला काच लागू नये म्हणून. मन्याराशिवाय असला हुशारपणा कोणी करत नाही. काच वाचली. सगळ्या पेटीत एकही बांगडी वाढली नाही. अब्बाचं कपाळ मैलाच्या दगडावर आपटलं.

अकोल्याला एकोणीस दिवस काढले. सुट्टी देताना डॉक्टरीणबाईंनी मला आणि चाचाला बाहेर बोलावून सांगितलं, माणूस घरी येईल, पण तोच माणूस येईल असं धरून चालू नका. कपाळामागचा मेंदू चेचला गेला आहे. राग, लाज, धीर, कुठं थांबायचं हे कळणं, हे सगळं तिथून चालतं. गोळ्या सोडू नका, गर्दीत नेऊ नका, महिन्याने दाखवायला आणा. चाचाने त्यातलं अर्धंच वाक्य घरी आणलं. माणूस घरी येईल म्हणाल्या, असं त्याने अम्मीला सांगितलं.

पूर्ण वाक्य मीही ऐकलं होतं. मी गप्प राहिले. का, तेही सांगते. कारंज्याच्या मुबश्शिरशी माझी सोयरीक ठरली होती. घरात डोक्याचा पेशंट आहे म्हटल्यावर पहिला सवाल येतो, खानदानात आहे का? अपघात आहे हे ऐकून घ्यायला कोणी थांबत नाही. म्हणून हॉस्पिटलची फाईल मी मोठ्या पेटीच्या तळाला, वर्तमानपत्राखाली घालून ठेवली आणि वरून दोन-आठच्या मापाच्या बांगड्या रचल्या. दोन-आठ हे मोठं माप, क्वचित लागतं.

आता हातांचं. आमच्या खानदानात पोरगा धंद्याला तयार झाला की त्याची परीक्षा घेतात. घरातल्या सगळ्यात जाड हाताच्या बाईला समोर बसवायचं आणि दोन नंबर लहान बांगडी घालून दाखवायची. अब्बा घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी चाचाने तीच परीक्षा मांडली. सितारा फुफी, अब्बाची मोठी बहीण, पाटावर बसली. तिचा हात म्हणजे पाव फुगलेला. अब्बाच्या कपाळावर अजून पट्टी होती. त्याने हात धरला, दाबला, वळवला आणि दोन-चारची लाल बांगडी अशी आत गेली की फुफीचं बोलणंसुद्धा तुटलं नाही. एक नाही, सहा घातल्या. फुफी रडायला लागली. चाचा म्हणाला, "हात शाबूत तर माणूस शाबूत." पेढे वाटले. मीच वाटले.

त्या दिवसापासून माझ्या बापाने जे जे केलं ते मुद्दाम केलं, असा घरात निकाल लागला.

जेवताना तो पाच वेळा उठायचा. घास तोंडात घेऊन स्टँडपर्यंत जाऊन यायचा, बसची पाटी वाचायचा, परत येऊन बसायचा, परत उठायचा. दुकानात बसला की गुडघा हलायचा आणि त्याबरोबर काचेचं कपाट वाजत राहायचं, दिवसभर. आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याच्या जनाज्यात हा मोठ्याने हसला. एका गिऱ्हाइकाला म्हणाला, म्हशीचे खूर बरे, तुह्या हातापेक्षा. ज्या माणसाने मला कधी टपली मारली नव्हती त्याने भाकरी उशिरा आली म्हणून अम्मीला चिमटा फेकून मारला, आणि तिच्या भुवईतून रक्त आलं तर म्हणाला, पंखा लाव, गरम होऊन राह्यलं. माफी मागितली नाही. आठवणच राहिली नाही. विचारलं की चकित व्हायचा. त्याच्या मते त्याला काही झालं नव्हतं, आम्हीच चिडके झालो होतो.

बाजारात कोणी म्हणालं दारू लागली. कोणी म्हणालं मरणाच्या दारातून आला तर माज आला. चाचा म्हणाला हवा लागली, त्या रस्त्यावर जागा वाईट आहे. मला रोज वाटायचं पेटी उपसून फाईल काढावी आणि सगळ्यांच्या तोंडावर मारावी. रोज वाटायचं आणि रोज मी मुबश्शिरच्या फोनला हसून उत्तर द्यायचे. घरी सगळे कसे आहेत? सगळे मजेत. गोळ्या संपल्या होत्या. मी आणल्या नाहीत, कारण गोळ्या आणल्या की कायच्या ते सांगावं लागलं असतं. हे मी लिहिते आहे तेव्हा मला माझीच किळस येते. येऊ द्या.

अम्मीचं नाव सबिहा. ती फार बोलत नाही. एकदा भांडी घासताना म्हणाली, "मले नवऱ्याच्या सुतकाची इद्दतही भेटली नाई. माणूस गेला, पण घरातून मयत निघाली नाई. आता मी रडू तर कोणापाशी रडू?" आणि तिच्या हातातल्या बांगड्या राखेत वाजत राहिल्या.

आठव्या महिन्यात चाचाने ठरवलं. कुठली तरी एक जागा त्याला कोणी सांगितली होती, जिथं असल्या माणसांना पायात साखळी घालून झाडाला बांधतात आणि चाळीस जुमेरात, म्हणजे चाळीस गुरुवार, ठेवतात. हवा उतरते म्हणे. अम्मीने हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. तिच्या भुवईवरचा टाका अजून ओला होता. मी चाचाशी भांडले तेव्हा त्याने एक अट घातली. धनजच्या चंपतभाऊच्या घरी पोरीचा, सुचिताचा, चुडा होता. तीन पिढ्यांचं आमचं घर. मळ्यात मेथी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर काढून बाजाराला घालणारी माणसं, आजोबाच्या वेळेपासून आमच्याशिवाय त्यांच्या घरात काच शिरली नव्हती. रज्जाकने, म्हणजे अब्बाने, हे एक घर नीट पार पाडलं तर विषय संपला. नाही पाडलं तर येत्या जुमेरातला जीप सांगितलेलीच आहे.

म्हणजे पुन्हा हाताचीच परीक्षा. आणि मी पुन्हा हो म्हटलं.

सोमवारी सकाळी आम्ही काळीपिवळीने निघालो. पेटी माझ्या मांडीवर. अब्बा दोनदा चालत्या गाडीत उभा राहिला, ड्रायव्हरशी भांडला, मग त्याच्याच खांद्यावर हात टाकून गाणं म्हणायला लागला. मी त्याला कानात सांगत होते, नजर खाली, तोंड बंद, एकच वाक्य बोलायचं. तो म्हणाला, "मले काय शिकवते व पोट्टे? मी काय नवा हाओ?"

त्याला खरंच तसं वाटत होतं. मला त्याचा राग येत होता आणि राग यायचं काही कारण नव्हतं, आणि ज्याच्यावर राग काढता येत नाही अशा माणसाबरोबर राहणं काय असतं ते ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत.

चंपतभाऊच्या अंगणात मांडव घालून झाला होता. बायका सतरंजीवर बसल्या होत्या. सुचिता मधे बसली, पिवळ्या साडीत. अब्बाने मांडी घातली, तिचा हात घेतला आणि एकदम सगळं थांबलं. गुडघा थांबला. मान खाली गेली. दोन-दोनच्या हिरव्या बांगड्या, उजव्या हातात दहा, डाव्या हातात अकरा, एकीलाही चरा नाही. सुचिता उठली, पाया पडली. तो म्हणाला, "सुखी राह्य." बरोबर म्हणाला. मी आठ महिन्यांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

तिथंच उठून यायला पाहिजे होतं. पण नवरीचा चुडा झाला की घरातल्या सगळ्या बायका भरतात. चार जणींचं झालं आणि अब्बा उठला. अंगणाला चक्कर मारून आला. कोणाचं तरी पाणी उचलून प्यायला. बसला, उठला. एका आजीबाईने थट्टा केली की रज्जाकभाऊच्या बुडाले काटा टोचून राह्यला, बायका हसल्या, तोही हसला. मग त्याचं लक्ष सैपाकघराच्या दाराकडे गेलं. तिथं चंपतभाऊची बहीण जिजाबाई मेथी निवडत बसली होती. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली. माहेरी राहून सगळा मळा तीच पाहते, पण चुड्याच्या वेळी तिने दाराच्या आतच बसायचं. तिला कोणी तसं सांगत नाही. ते सांगावं लागत नाही, यातच सगळा हलकटपणा आहे.

अब्बा म्हणाला, "जिजा, तू काहून तिकडं बसली? दोन-चार. हात दे."

हसणं बंद झालं. मघाचीच आजीबाई हळूच म्हणाली, रज्जाकभाऊ, थे नाई भरत.

"काहून नाई भरत? हात नाई काय तिले?"

आणि मी पेटीवरून उडी मारून पोचेपर्यंत तो दारात तिच्यासमोर बसला होता. तिचा हात त्याच्या हातात होता. मेथीचा पाला बोटांना चिकटलेला तसाच. पहिली बांगडी बोटांच्या हाडांवर चढली होती. चंपतभाऊचा मोठा पोरगा मुकेश शिव्या देत धावला तशी त्याची आई मधे पडली, "वढू नोको, वाढन!"

खरं होतं. बांगडी अर्ध्यावर असताना हात ओढला की ती वाढतेच. आणि हळदीच्या आदल्या दिवशी मांडवाच्या घरात काच वाढणं म्हणजे विधवेने बांगडी घालण्यापेक्षा मोठा अपशकुन. मग सगळे जिथल्या तिथं उभे राहिले. चंपतभाऊ, मुकेश, वीसेक बायका. एक बांगडी आत जाईपर्यंत दुसरी हाडावर चढलेली. कोणाला काही करता येईना. अब्बा निवांत. अख्ख्या दिवसात त्याने ते वाक्य तेव्हा एकदाच म्हटलं, "हात सैल सोड, माय."

आणि जिजाबाईने हात सैल सोडला. मी बाजूलाच होते, मी पाहिलं.

दोन या हातात, दोन त्या हातात. चौथी मनगटावर गेली तसं मुकेशने अब्बाची कॉलर धरून त्याला उभं केलं. आधीचा अब्बा असता तर हात जोडून खाली बसला असता. याने शेजारचा पितळी गडवा उचलला आणि मुकेशच्या कपाळात घातला. रक्त आलं. ढकलाढकलीत पेटी उलटली. अंगणभर काच झाली आणि अब्बा मांडवाच्या मधोमध उभा राहून हसत ओरडायला लागला, "फुटल्या! सगळ्या फुटल्या!"

बायकांनी कानावर हात ठेवले. मी त्याला ओढत स्टँडवर आणलं.

मी ऐकलं आहे की आजकाल विधवांना बांगड्या भरायचे कार्यक्रम होतात, भाषणं होतात, फोटो येतात. माझ्या बापाने तसलं काही केलं नाही. त्याने रीत मोडली नाही. रीत आहे हे ज्या जागी कळतं ती जागाच त्याच्या डोक्यात उरली नव्हती. त्याला दिसला फक्त एक ओळखीचा हात. आधीचा रज्जाक शंभर वर्षं जगता तरी जिजाबाईला दाराबाहेर बोलावता ना. तो सभ्य माणूस होता. सभ्य माणसं असली कामं करत नाहीत.

बुधवारी दुपारी चंपतभाऊ दुकानात आला. लग्न दुसऱ्या दिवशी, तरी आला. बरोबर मुकेश, कपाळावर पट्टी, आणि धनजचे दौलतराव, जे दोन गावांत कुठंही फाटलं की शिवायला जातात. चाचाने चहा सांगितला, कोणी घेतला नाही. अब्बा आत-बाहेर करत होता. मुकेशची पट्टी पाहून त्याने विचारलं, तुले काय लागलं रे बाप्पा?

चंपतभाऊचं म्हणणं सरळ होतं. रज्जाकची नियत फिरली. विधवा बाईचा हात धरला, भर मांडवात. चुडा तर बिनचूक भरला ना? एक बांगडी वाढली काय? मंग डोकं ठिकाणावर नव्हतं असं कोण म्हणन? दौलतरावांनी मान हलवली. चाचाने हात जोडले आणि सांगितलं की नियत नाही, हवा आहे, उद्या जुमेरातला नेऊनच राह्यलो, साखळी पडली की उतरते. हवा म्हटलं की दौलतरावांचा चेहरा जरा सैल पडला. मी तेव्हा ओळखलं की सौदा पटतो आहे. हवा सगळ्यांना परवडत होती. हवा उतरते, सोयरीक राहते, दुकान राहतं. झाडाला बांधलेला माणूस तेवढा मधल्या मधे जातो.

मी दुकानातली मोठी पेटी उपसली. दोन-आठच्या बांगड्या बाहेर काढल्या, वर्तमानपत्र उचललं आणि फाईल दौलतरावांच्या मांडीवर ठेवली. काय लिहिलं आहे ते मराठीत सांगितलं. डॉक्टरीणबाईचं पूर्ण वाक्य सांगितलं. कोणी लपवलं तेही सांगितलं, चाचाचं नाव आणि माझं नाव.

चाचा पांढरा पडला. म्हणाला, "तुयं लगन मोडन, नाजिश."

मी म्हटलं, "मोडू द्या."

दौलतरावांनी फाईल उलटीसुलटी केली. काळी फिल्म उजेडात धरली. त्यांना काय दिसणार? मुकेश म्हणाला, कागद तर कोणीही आणते. ज्याचे हात असे चालतात थो पागल कसा? त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. आमच्याच घराने हे गणित गावाला शिकवलं होतं.

तेव्हा मला फाईलमधली एक ओळ आठवली, जी मी मोबाईलवर अर्थ पाहून वाचली होती आणि विसरूनही गेले होते. कपाळामागेच वासाच्या नसा असतात. त्या तुटल्या होत्या.

मी म्हटलं, हाताची परीक्षा तुमी सगळ्यांनी घेतली, आता नाकाची घ्या. माझ्या ओढणीने अब्बाचे डोळे बांधले. त्याला वाटलं खेळ आहे, त्याने खुशीत मान पुढे केली. आमच्या दुकानात अत्तर असतं. गुलाबाची शिशी उघडून मी त्याच्या नाकाशी धरली. दुकानभर वास पसरला. काय हाये सांग, म्हटलं. तो म्हणाला, काय असन? रिकामी शिशी.

मुकेश उठला. म्हणाला, नाटक करते थो, मी पाहतो. आणि बाहेर गेला. मागच्या नालीवर मच्छीवाले डोकी टाकतात. त्याने एक डोकं कागदात उचलून आणलं, दोन दिवसांचं, अळ्या पडलेलं. दौलतरावांनी धोतराचा सोगा तोंडाला लावला. चाचा बाहेरच गेला. मुकेशने तो कागद अब्बाच्या नाकाखाली धरला आणि विचारलं, "सांग, काय हाये?"

अब्बा म्हणाला, "भजे हायेत काय?" आणि त्याने तोंड उघडलं.

अब्बाने मान पुढे केली, तोंड उघडंच, लहान पोराला भरवताना ते करतं तसं. मुकेशने कागद झटक्यात मागे घेतला, धावत बाहेर गेला आणि गटारावर वाकून ओकला.

अब्बा ओढणी काढून विचारत होता, भजे कुठं गेले?

आतल्या पडद्याआड अम्मी उभी होती. ती माणसांसमोर येत नाही, त्या दिवशी आली. अब्बासमोर उभी राहून त्याच्या नाकाकडे बघत राहिली. अब्बाला लसणाची फोडणी आवडायची, ती फोडणी पडली की तो दुकानातून ओरडायचा, सबिहा, आलो. आठ महिने अम्मी रोज तीच फोडणी घालत होती, मला माहीत होतं. तो ओरडत नव्हता. मग ती जाळायला लागली. जळकी डाळ वाढायची, तोही न बोलता खायचा आणि ती मोरीत जाऊन रडायची, की या माणसाला माझ्या हाताचं आता बरं-वाईटही वाटत नाही.

"म्हंजे तुले वासच नाई येत?" ती म्हणाली.

"कायचा वास?" अब्बा म्हणाला.

ती दारात परत आलेल्या चाचाकडे वळली, जीप माघारी पाठव म्हणाली. चाचाने तिला तिच्या भुवईची आठवण दिली. तिने टाक्यावरून बोट फिरवलं.

"मी काही प्रेमानं नाई ठेवून राह्यली त्याले. माहा नवरा त्या रस्त्यावर मेला. हा कोणी दुसरा घरी आला. आता आला तर आला. पण न केलेल्या गुन्ह्याची साखळी माह्या दारातून कोणाच्या पायात जाणार नाई."

चंपतभाऊ उठला. त्याने माफ केलं असं मी लिहिणार नाही, कारण त्याने केलं नाही. म्हणाला, नियत नव्हती एवढं मी गावात सांगतो, पण आमच्या घरी आता तुमची पेटी येणार नाई. बरोबर आहे. मुकेशच्या कपाळाला टाके पडले होते, ते खोटे नव्हते. दारापर्यंत जाऊन चंपतभाऊ परत आला. खिशातून रुमाल काढून माझ्यापुढे धरला. आत चार हिरव्या बांगड्या होत्या, अख्ख्या.

"जिजानं काढल्या. साबण लावून, एकेक. आमी म्हटलं फोड, तर आयकलं नाई." मग खाली बघत म्हणाला, "म्हने, रज्जाकले सांगा, माप बरोबर होतं."

जुमेरातला जीप आली नाही. शुक्रवारी कारंज्याहून फोन आला. मुबश्शिरच्या आईने अर्धा तास माझ्या बापाच्या तब्येतीची चौकशी केली आणि मग सांगितलं की पोराचं अजून लग्नाचं मन नाही. मुबश्शिर स्वतः बोलला नाही. अब्बा बाजूलाच फेऱ्या मारत होता. फोन ठेवल्यावर म्हणाला, "बरं झालं. बावळट होता थो, बोलताना नाक वढे." मला राग आला आणि हसू आलं, आणि दोन्ही निस्तरेपर्यंत तो स्टँडवर पोचला होता.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाई माझ्यावर ओरडल्या. इतके महिने गोळ्या नाहीत म्हटल्यावर त्यांनी टेबलावर पेन आपटलं. आधी आणलं असतं तर किती फरक पडला असता, ते सांगता येणार नाही म्हणाल्या. सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आता गोळ्या सुरू आहेत. चिमटा, खलबत्ता, गडवे कुलपात असतात. जेवण ठरल्या वेळेला. आधीचा रज्जाक येणार नाही, हे अम्मीला त्यांनीच सांगितलं, माझ्यासमोर, पूर्ण वाक्यात.

दुकानात आता बांगड्या मी भरते. निम्मी घरं तुटली. ज्या बायका येतात त्या आधी आत डोकावून पाहतात, तो कुठं आहे. तो मागे बसतो, पडद्याआड, आणि माल मापाने लावतो. दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा. पट्टी लागत नाही, बोटांनी कळतं. दहा मिनिटं बसतो, उठतो, चक्कर मारतो, बसतो. त्याचा गुडघा हलतो आणि कपाट वाजतं. गिऱ्हाईक विचारतं काय वाजतं, मी म्हणते माझा बाप.

जिजाबाईच्या चार बांगड्या मी रुमालात गुंडाळून गल्ल्यामागे ठेवल्या होत्या. काहून ठेवल्या होत्या ते मलाही सांगता येत नाही. परवा पाहिलं तर रुमाल रिकामा. अब्बाला विचारलं. तो म्हणाला, दोन-चार होत्या, दोन-चारात लावल्या. मी आत जाऊन पाहिलं. दोरीत ओवलेल्या दोन-चारच्या हिरव्या बांगड्या, दीड-दोनशे, सगळ्या सारख्या. एकेक उजेडात धरून पाहायला लागले, एखादीला साबणाचा डाग दिसेल म्हणून. डाग नव्हता. कोणाच्या तरी हातात जातील त्या, चतुर्थीला, लग्नाला, कोणाच्या ते कळणार नाही.

मागे वळून अब्बाला काही म्हणावं म्हटलं, तर तो दारातून बाहेर पडला होता.